कुलाब्याच्या वाड्यात एका भरतीपुरते

चपला काढून हातात घ्या. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे जायचं, तर तळपायांना ओली वाळू लागायलाच हवी. घोडागाडी मिळते, तिच्या घुंगरांचा नादही छान असतो, पण आज आपण चालतच जाऊ. आज माघ शुद्ध चतुर्थी आहे आणि इथल्या कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणून सकाळी नऊला ओहोटी. आता साडेआठ होत आलेत. पाणी पार मागे हटलंय. निघा.

खाली बघून चाला. खडकांना कालवं चिकटलेली आहेत आणि त्यांच्या कडा पाय कापतात. शेवाळावर पाऊल टाकू नका. आणि एवढं एक ऐका, मागे वळून पाहू नका. मागे हॉटेलं आहेत, भज्यांच्या गाड्या आहेत, वाळूत फिरणाऱ्या चारचाकी आहेत. ते सगळं आता तिकडेच राहू द्या.

आधी वास बदलतो. तळणाचा वास विरत जातो आणि नाकात एक उग्र वास घुसतो, सहजी न निघणारा. हे मुशीचं तेल. गलबतांच्या लाकडाला ते फासतात. मग आवाज बदलतो. किल्ल्याच्या अंगाला ओढून ठेवलेल्या गलबतावर सुतारांचे हातोडे पडताहेत, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवताहेत. ठक ठक ठक ठक, आणि मध्येच कोणाची तरी खणखणीत शिवी. मग माणसं दिसायला लागतात. तुमच्या पुढे लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या चार बाया आहेत. बाजूला दुधाच्या चरव्या, केळीच्या पानांचे भारे, जास्वंदीच्या परड्या, दूर्वांच्या जुड्या. एकाच्या डोक्यावर हिरव्या शहाळ्यांची पेंड आहे आणि तिचं पाणी त्याच्या मानेवरून ओघळतंय. सगळे झपझप चाललेत. कोणी रमत नाही, कारण समुद्र कोणासाठी थांबत नाही हे इथलं लहान पोरही जाणतं.

साल कोणतं ते विचारू नका, उगाच संशय येईल. एवढंच लक्षात ठेवा, की 1787 ला अजून दोन-चार वर्षं अवकाश आहे. का, ते आत गेल्यावर सांगतो.

तटाजवळ आलात की क्षणभर थांबून हात लावून बघा. हे दगड माणसाच्या उंचीचे वाटावेत इतके अवजड, आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. दगडावर दगड नुसता रचलाय. लाट येते, फटींतून आत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो. आत्ता ओहोटीला त्या फटींतून पाणी झिरपतंय आणि आत खेकडे पळताहेत.

महादरवाजावर पहारेकरी आहेत. समुद्रावर आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय जहाज हाकणं व्यापाऱ्यांना परवडत नाही, आणि तुमच्याकडे तर कागदाचा कपटाही नाही. घाबरू नका. त्या तेल्याच्या मागे लागा. खांद्यावर तेलाचे बुधले घेतलेला हा माणूस इथे सर्वांच्या ओळखीचा आहे. अलिबागेच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या बेने इस्राएलांपैकी तो. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते लोक सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवतात, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आज शनिवार असता तर तो आला नसता आणि तुम्हीही बाहेरच राहिला असता. पहारेकरी तोंडातली तंबाखू गालात सरकवून त्याला विचारतो, "आज किती?" तो उत्तर देतो, दोघे हसतात, आणि तेवढ्यात तुम्ही दिंडीतून आत.

आत अंधार आणि गारवा. देवड्यांत ढाली-तलवारी, घोंगड्या, कोणाची तरी अर्धवट राहिलेली भाकरी. मग एकदम ऊन, आणि कालवा.

आपण इथे किल्ला बघायला आलेलो नाही, घर बघायला आलोय. हे आंग्र्यांचं घर आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचा नातू रघुजी इथे नांदतो. त्याने बांधलेलं गणपतीचं देऊळ 1759 चं, तेव्हा अजून त्याच्या दगडांचा रंग पुरता काळवंडलेला नाही. देवळात गणपतीसोबत शिव, विष्णू, सूर्य आणि देवी, असं पंचायतन आहे. समोर पुष्करणी आहे, आणि चारही बाजूंना खारं पाणी असताना हिचं पाणी गोड आहे. ओंजळीने पिऊन बघा. आजूबाजूला सगळीकडे मीठ, ओठांवर मीठ, भुवयांत मीठ, आणि ओंजळीत हे पाणी. या किल्ल्यावर घर उभं राहू शकलं ते या पाण्यामुळे.

वाड्याच्या चौकात शिरा. पायाखाली सारवण अजून ओलं आहे, शेणाचा वास ताजा आहे. सदरेवर कारकून मांडी घालून बसलेत, बोरूने मोडीच्या ओळी ओढताहेत. हात उचलतच नाहीत, ओळ संपली की एकदम श्वास सोडतात. एकजण सुपाऱ्यांचा हिशेब वाचून दाखवतोय, दुसरा गलबतांवरच्या खलाशांच्या पगाराचा. एक तांडेल उन्हाने रापलेला चेहरा घेऊन खांबाला टेकून उभा आहे. तो शिडाचं कापड मागायला आलाय आणि त्याला ताटकळत ठेवलंय. समुद्रावर ज्याच्या शब्दावर पन्नास माणसं हलतात, तो इथे चुळबुळतोय. काही वर्षांपूर्वी, 1771 साली, जेम्स फोर्ब्स नावाचा एक इंग्रज रघुजींच्या भेटीला आला होता. त्याने या मुलखाविषयी पुढे पुस्तकात लिहिलं. पण तो पाहुणा होता, साहेब होता. त्याला सदरेपलीकडे कोण जाऊ देणार? तुम्हाला मात्र आज सगळी दारं उघडी आहेत.

चला, मुदपाकखान्यात.

डोळे चुरचुरतील. धूर वर जायला वाट आहे, पण आज इतक्या चुली पेटल्या आहेत की तो खालीच रेंगाळतोय. एरवी इथे सकाळी बोंबील, कोलंबी, सुरमईचे ढीग पडतात, पाट्यावर नारळ-मिरचीचं वाटण चालतं आणि मांजरं दाराशी रांग धरतात. आज चतुर्थी, त्यामुळे मांजरं हिरमुसली आहेत. आज तीळ भाजताहेत. तिळाचा तडतडाट, गुळाच्या पाकाचा खरपूस वास, खवलेल्या नारळाचा दुधाळ वास, आणि तांब्याच्या भल्या मोठ्या पातेल्यातून सुटलेली मोदकांची वाफ. एक म्हातारी आचारीण पाटावर बसून पाऱ्या करतेय. बोटांना तेल-पाणी लावून ती कळ्या पाडते त्याकडे बघत राहाल, तर मागून येणाऱ्या हंड्याचा धक्का बसेल.

"बाजूस सरा हो, आधण हाय!"

सरा. आणि चहा मागू नका. चहा इथे कोणाला ठाऊक नाही. ताक मिळेल, शहाळं मिळेल, उन्हातून आलात म्हणून कोकमाचं सरबत मिळेल.

स्वयंपाकघराला लागून कोठी आहे. तिथे शिराच. या घराचं मन मला तरी सदरेपेक्षा इथे जास्त कळतं. भाताच्या कणग्या, मिठाची पोती, चिंचेचे गोळे, सुक्या मासळीच्या टोपल्या, नारळांची रास, काथ्याच्या दोरांची वेटोळी, आणि छताला टेकेल इतकं सरपण. मृगाच्या आधी हे सगळं दुप्पट झालेलं असेल. आगोट लागली की गलबतं वर ओढून झापांनी झाकतात, समुद्र महिनेच्या महिने खवळलेला असतो, आणि ओहोटीची वाटही कमरेएवढ्या पाण्यातून जाते. त्या दिवसांत कोठीत जे आहे तेच खायचं, चुलीत जे आहे तेच जाळायचं. मीठ सादळतं, कपडे वाळत नाहीत, तलवारीला रोज तेल चोळावं लागतं, आणि बाळंतीण अडली तर सुईणीला आणायला होडी काढणारा जिवावर उदार झालेला असावा लागतो. या वाड्याच्या वैभवाचं कौतुक करताना हेही पोटात घ्या. इथलं प्रत्येक तांदळाचं शित, प्रत्येक काटकी, प्रत्येक सून पाण्यावरून आत आलेली आहे.

आता वर बघा. खांब सागवानी, तुळया सागवानी, तक्तपोशी, जिने, कठडे, गवाक्षं, सगळं लाकूड. त्यावर वर्षानुवर्षांचा तेलाचा हात आहे, चुलीच्या धुराचं काजळ आहे. संध्याकाळी कोनाड्याकोनाड्यात उंडीच्या आणि करंजाच्या तेलाच्या पणत्या लागतात. 1787 साली या वाड्याला आग लागेल आणि वाडा जळून जाईल. हे आज इथे फक्त तुम्हाला माहीत आहे. आधी 1729 मध्येही किल्ल्यात पिंजरा बुरुजाजवळ मोठी आग लागून बरीच घरं गेली होती, तिच्या आठवणी म्हातारे सांगतात. पण आग पुन्हा येईल असं कोणालाही वाटत नाही. बघा, तो पोरगा जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येतोय. त्याची आई ओरडतेय. आगीबद्दल तुम्ही काही बोलू शकत नाही. प्रवासाची ती अट आहे.

बाराच्या सुमाराला आरती होते. झांजा, टाळ, नगारा, आणि तटावर आपटू लागलेलं पाणी. गणपतीच्या जन्माच्या वेळी सुंठवडा वाटतात, तो हातावर घ्या. जिभेला झणझणीत लागेल. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत दोन वाजतील, आणि मग एकदम लक्षात येईल की आपण बेटावर आहोत. वाट नाही. सकाळी ज्या वाळूवरून चालत आलात तिथे आता होडी वल्हवत नेताहेत. भिंतींतून लाटेचा एकसारखा धमका येतो, तो कानांना नव्हे, आधी पाठीला कळतो. म्हणूनच इथली माणसं थोडी मोठ्याने बोलतात. घाटावरून आलेल्या नव्या सुनेला आधी वाटतं की सगळे तिच्यावर रागावलेत.

ती बघा माडीवरच्या खिडकीत उभी आहे, ती सून. सोळा-सतराचं वय असेल. लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. आता तिला पाण्याचा रंग बघून भरती किती राहिली ते सांगता येतं. समोर अलिबागेची माडांची रांग आहे, त्यामागे सागरगडाचा डोंगर, आणि त्याहून कुठेतरी खूप पलीकडे तिचं माहेर. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं आणि जास्त हटतं, भांगाच्या दिवसांत ते धड चढतही नाही आणि हटतही नाही, हे तिला सासूने शिकवलं. घाटावरच्या माहेरी असलं काही शिकवायला कोण बसलं असतं!

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. त्यामुळे दुपारी माजघर बायकांनी भरून गेलंय. सकाळच्या ओहोटीला आलेल्या बायका आता रात्रीच्या ओहोटीशिवाय जाणार नाहीत, आणि मला वाटतं त्या त्यासाठीच येतात. घरी शेती आहे, वाडी आहे, रहाट आहे, सासू आहे. इथे समुद्रानेच त्यांना अडकवून ठेवलंय, त्यात त्यांचा काय दोष? भरजरी लुगड्यांची सळसळ, नथींचे मोती, अबोलीचे गजरे, गुलाबपाण्याचा शिडकावा, घामाचा दर्प, तिळगुळाने चिकट झालेली बोटं. कोणी फुगडी मागते, कोणी उखाणा. एकीचा उखाणा अर्ध्यात अडतो आणि सगळं माजघर हसून लोळतं. एक आजीबाई तुमच्या हाताला अत्तर लावतात, तुमच्या घड्याळाकडे बघतात, बांगडीचा हा नवा घाट कुठला म्हणून विचारतात. हसा आणि हात मागे घ्या.

या गर्दीत एक बाई बसलेली नाही. ती येते, तबक ठेवते, रिकामी भांडी उचलते, जाते. सकाळपासून तिला तुम्ही पाहताय: सारवताना, पाणी शेंदताना, पाट्यावर वाकलेली. ती कुणबीण आहे. त्या काळच्या मोठ्या घरांत अशा बायका होत्या. विकत घेतलेल्या, पकडून आणलेल्या, आंदण म्हणून आलेल्या. तिच्याशी बोला. मागच्या पडवीत ती भांडी घासतेय, राखेने तिचे हात पांढरे झालेत.

"बाई, गाव कुठलं?"

"घाटावरचं म्हनतात. मला ठावं नाय."

"किती वर्षं झाली इथे?"

ती हाताने उंची दाखवते, कमरेपेक्षाही खाली. तेवढी होती तेव्हा आली. दिवसातून दोनदा समुद्र बाजूला होतो आणि किनाऱ्यापर्यंत सरळ वाट पडते. तेली जातो, मोळीवाल्या जातात, कारकून जातात, हळदीकुंकवाच्या बायका जातील. ती वाट तिच्या डोळ्यांसमोर रोज पडते. तिच्यासाठी नाही. वाड्यातल्या कोणत्याही कागदावर तिचं माणूस म्हणून नाव नसेल, आणि तरी या घराचा एकही दिवस तिच्यावाचून उजाडला नाही. सरखेलांच्या पराक्रमाच्या कथा आपण मुलांना सांगतो, सांगायलाच हव्यात. त्यांच्या जेवणाच्या भांड्यांना जिने आयुष्यभर राख लावली तीही त्याच कथेत आली पाहिजे.

संध्याकाळ पटकन होते. पाणी उतरू लागतं, दगडांच्या कडा उघड्या पडतात, आणि ओल्या शेवाळाचा वास पुन्हा वर येतो. तटावर गोलंदाज बसून सुपारी कातरताहेत. खाली गोदीत ठकठक थांबलीय. सुतार हातपाय धुवून वाळूवर पासोड्या टाकून पडलेत, आणि एकजण वरच्या पट्टीत काहीतरी गातोय. त्याला सूर चांगला आहे. वाड्यात दिवेलागण होते. देवघरातली समई आधी, मग तुळस, मग जिना, मग सदर. एवढ्या लाकडात एवढ्या ज्योती. तुमचा जीव वरखाली होतो. ती कुणबीण एकेका चुलीतले निखारे ओढते आणि त्यांवर राख दाबून बसवते, उद्या सकाळपर्यंत आत विस्तव जिवंत राहावा आणि बाहेर ठिणगी उडू नये म्हणून. फार काळजीपूर्वक करते. कोणी सांगितलेलं नसतानाही ती पुन्हा एकदा येऊन बघून जाते.

नऊ वाजून गेले की दिवट्या पेटतात. हळदीकुंकवाच्या बायका लुगडी वर खोचून निघतात, पुढे-मागे मशालजी, मध्ये झोपलेली पोरं खांद्यावर. तुम्हीही निघा. पाणी गार झालंय. पायाला एखादा मासा लागेल, दचकू नका. मशालीचं तेल टपटप पाण्यात पडतंय. बायकांचं बोलणं अजून संपलेलं नाही. मग एकेक मशाल पुढे निघून जाते, मुशीच्या तेलाचा वास पातळ होतो, आणि तळपायाला डांबरी रस्त्याची खडी टोचते. आलो.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. 1787 च्या आगीत वाडा गेला. आंग्र्यांनी नंतर किल्ल्यात पुन्हा बांधलं, राहिले. 1840 मध्ये त्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. 1842 मध्ये किल्ल्यातल्या इमारतींचं लाकूड इंग्रजांनी लिलावात विकलं, आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावले. जे घर एका पुष्करणीच्या पाण्यावर जगलं, त्या घराचे चिरे गावाला पाणी द्यायला गेले. देऊळ राहिलं, पुष्करणी राहिली, तट राहिला. वाड्यांची उरली ती जोती आणि भिंतींचे तुकडे, त्यांवर पावसाळ्यात गवत माजतं.

आज तिथे जाणारे बहुतेक लोक महादरवाजातून शिरतात, देवळात नमस्कार करतात आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांपाशी फोटो काढून परततात. मधल्या जोत्यांवर चिप्सची रिकामी पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या मला प्रत्येक वेळी दिसतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. कोणाच्या तरी माजघरात आपण कचरा टाकतोय हे टाकणाऱ्याच्या मनातही येत नसेल. तिकिटाच्या खिडकीवर परतीच्या पाण्याची वेळ विचारून घ्या, ती पाळा, आणि मधला अर्धा तास त्या जोत्यांसाठी राखून ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांना विचारा, चूल कुठे असेल, जिना कुठून वर जात असेल, सून कोणत्या खिडकीत उभी राहत असेल. ती लगेच सांगतात.

त्या दोन तोफांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आहे, त्या इंग्रजांच्या. घर आंग्र्यांचं होतं. कुलाब्याला जाल तेव्हा घर बघा.